गाळलेला एप्रिल

मार्च उजाडला की आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगचा आवाज बदलतो. पार्किंगमधलं क्रिकेट बंद होतं. जिन्याच्या पायऱ्यांवर कुणी ना कुणी पुस्तक घेऊन बसलेलं असतं, कारण घरात एकतर टीव्ही चालू असतो नाहीतर पाहुणे आलेले असतात. गच्चीवर बटाट्याचा कीस वाळत पडतो आणि त्याची राखण करण्याच्या नावाखाली दहावीची मुलं तिथेही अभ्यासाला बसतात. कोकीळ तेवढा कुणाच्या परीक्षेची पर्वा करत नाही. तो सकाळपासून आपला सुरू.

गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी भांडत होत्या. धाकटीच्या हातात केमिस्ट्रीचं गाइड, आणि भांडण एका अॅनिमेवरून. म्हणजे जपानी कार्टून मालिकेवरून. त्या मालिकेतला सगळ्यात गाजलेला भाग आता सिनेमा होऊन थिएटरात येतोय.

"अगं काय भारी सीन आहे तो! त्याच्या हातातून प्रकाश येतो ना, अंगावर काटा येतो," मोठी म्हणाली.

"काटा येतो, पण रायटिंग वीक आहे यार. इतके एपिसोड हात हलत नाही, आणि मग रडला की झाला बरा? असं असतं का?"

"तू ना, कशातच मजा घेऊ नकोस."

दोघी तिसऱ्या मजल्यावर उतरल्या. माझा मजला पाचवा. पण लिफ्ट पाचव्यावर थांबली, दार उघडलं, बंद झालं, आणि मी आतच उभी. धाकटीला थांबवून सांगावंसं वाटत होतं, की बाई गं, तू जे म्हणतेयस ना, त्यावरून आमच्या घरात एकदा केवढं रामायण झालं होतं.

मालिकेचं नाव सांगत नाही. तिचे चाहते फार कडक असतात. नायकाला आमच्या घरी 'निळ्या' म्हणत, त्याच्या केसांवरून. हे नाव बाबांनी ठेवलं. त्याचं खरं जपानी नाव बाबांना अजूनही धड उच्चारता येत नाही, आणि आईला त्या वर्षी कुणाचंच नाव उच्चारता येत नव्हतं.

मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. आई टपाल खात्यात, काउंटरवर. जानेवारी संपता संपता एका सकाळी तिनं दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि तिच्या उजव्या हातानं गॅसची कळ फिरवलीच नाही. ती हाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग ओट्याला धरून हळूहळू खाली बसली. त्यानंतर हॉस्पिटल, आणि मग घरी आणलेली ही वेगळीच आई. चालणं हळूहळू जमत होतं, पण उजवा हात मांडीवर ठेवलेल्या ओल्या टॉवेलसारखा. आणि बोलणं गेलेलं.

पूर्ण गेलेलं नव्हतं. एक शब्द उरला होता. चालेल.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, की तिला सगळं कळतं, मनात शब्दही असतात, पण तोंडापर्यंत यायची वाट मोडलीय. कधी कधी एखादाच शब्द त्या मोडतोडीतून सुटतो आणि तोच परत परत येतो. आईच्या वाट्याला हा आला. काउंटरवर दिवसभर हाच म्हणायची ना ती. पत्ता इंग्रजीत लिहिलाय, चालेल. तिकीट उलटं लागलंय, चालेल.

"आई, चहा हवा?"

"चालेल."

"की नको?"

"चालेल."

एकदा मी वेड्यासारखं विचारलं, "आई, माझं नाव सांग ना." तिनं बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओठ हलले. डोळ्यांत पाणी आलं. आणि म्हणाली, "चालेल."

मग मी पुन्हा कधी विचारलं नाही.

त्या दिवसांचा वास अजून माझ्या नाकात आहे. मालिशच्या तेलाचा, डेटॉलचा, आणि शेजारच्या घरातून येणाऱ्या कैरीच्या फोडणीचा. पंखा करकरायचा. हॉलमध्ये आईचा पलंग आणला होता आणि त्याच्या पायथ्याशी जमिनीवर बसून मी कॉस्टिंगची गणितं सोडवायचे. मध्ये कंटाळा आला की मोबाइलवर निळ्याचा एपिसोड लावायचे. एकदा इअरफोन सापडेना म्हणून आवाज बारीक ठेवून बघत होते, तर आईनं डाव्या हातानं माझ्या डोक्यावर टपली मारली. मला वाटलं, अभ्यास कर म्हणतेय. वर बघितलं तर ती मोबाइलकडे बोट दाखवत होती. मग टीव्हीकडे.

"तुला बघायचंय? कार्टून आहे गं ते."

"चालेल," आई म्हणाली, आणि या वेळी तिला खरंच तेच म्हणायचं होतं.

आजारी पडायच्या आधी आई असल्या गोष्टींना नाक मुरडायची. पण हिंदीत डब केलेले ते एपिसोड तिनं मन लावून पाहिले. निळ्या हा तलवारबाज. लढाईत त्याचा उजवा हात निकामी झालेला. आणि नेमका त्या मार्चमध्ये तो डोंगराचा भाग सुरू झाला होता, दर शनिवारी संध्याकाळी एक. निळ्या बर्फाळ डोंगरावरच्या एका गावात जातो. तिथे एक म्हातारी राहते, फारशी न बोलणारी. ती त्याच्यापुढे घेवड्याच्या बियांचं वाडगं ठेवते आणि म्हणते, उचल. उजव्या हातानं. निळ्याच्या बोटांतून बी निसटते. परत उचलतो, परत निसटते. अख्खा एपिसोड एवढंच. बाहेर बर्फ पडतंय, चुलीवर काहीतरी रटरटतंय, आणि एक तगडा तलवारबाज एका बीशी झुंजतोय.

आता योगायोग बघा. आईला व्यायाम शिकवायला प्राजक्ता नावाची फिजिओ यायची, घाटकोपरहून. माझ्यापेक्षा थोडीच मोठी. तिनं पहिल्याच आठवड्यात आईपुढे वाटीभर राजमा ठेवला होता आणि आईनं वाटी ढकलून दिली होती. राजमा सोफ्याखाली गेला. निळ्याचा तो एपिसोड पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते, तर आई स्वयंपाकघरात उभी आणि डाव्या हातानं डबे उघडून बघतेय. राजमा शोधत होती.

"काकू, आज काय झालं तुम्हाला?" प्राजक्तानं विचारलं.

मी म्हटलं, "कार्टून बघितलं."

मग शनिवार आमच्या घराचा सणच झाला. बाबा अंधेरीच्या ऑफिसातून यायचे ते शनिवारी चक्क लवकर. आईच्या मागे उशी लावायची, तिचा गाऊन नीट करायचा, पंखा वाढवायचा, ही सगळी कामं बाबांची. सकाळी तिच्या गाऊनची बटणंही बाबाच लावायचे. एकेक बटण, खाली मान घालून, आणि आई तोपर्यंत खिडकीबाहेर बघायची. त्या वेळी ती कधीच बाबांकडे बघायची नाही.

निळ्याला तो जाड कोट घालता यायचा नाही. एका एपिसोडच्या शेवटी तो बटण लावायला बसतो, जमत नाही, कोट फेकून देतो आणि बाहेर बर्फात जाऊन बसतो. म्हातारी कोट उचलून खुंटीला लावते आणि म्हणते, उद्या. तिथे एपिसोड संपला. आई इतकी पुढे सरकून बसली होती की मला तिला धरावं लागलं.

आम्ही त्या 'उद्या'ची वाट बघत बसलो. पुढचा शनिवार एप्रिलमधला. बाहेर बहावा फुललेला, मला पेपरांचं टेन्शन, हॉलमध्ये आम्ही तिघं आणि टीव्ही. एपिसोड सुरू झाला आणि गावावर एकदम शत्रूचा हल्ला. निळ्याचा मित्र कड्यावरून लोंबकळतोय. निळ्या ओरडतो, रडतो, संगीत वाढतं, त्याचे अश्रू उजव्या हातावर पडतात आणि हातातून प्रकाश! बोटं उघडतात. तलवार पकडतात. पहिल्यापेक्षा दुप्पट जोर. चित्रं म्हणाल तर अप्रतिम, बर्फावर तो निळा उजेड असा काही पसरवला होता की काय सांगू. आणि म्हातारी? ती त्या एपिसोडमध्ये होतीच कुठे. हल्ल्यात मेली की पळाली, कुणी विचारलंसुद्धा नाही. कोट खुंटीवरच राहिला.

बाबा उभेच राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघ सुनंदा," ते म्हणाले, "बघ, आला ना हात त्याचा. असंच होईल तुझं. एक दिवस असंच, एकदम."

आई टीव्हीकडे बघत होती. तिचा चेहरा लालबुंद झाला. ओठ हलायला लागले, नेहमीपेक्षा जास्त. मानेची शीर ताठली.

"ना..." ती म्हणाली. "ना... ही." मग श्वास घेतला. "नाही चालणार."

नवा शब्द! इतक्या दिवसांनी नवा शब्द, तोही एक नाही, चक्क वाक्य. मी किंचाळले आणि तिच्या गळ्यात पडले. बाबा एकाच वेळी हसत होते आणि दुखावलेही होते, कारण ते वाक्य त्यांच्याच आशेला मिळालेलं उत्तर होतं. आईनं मला बाजूला सारलं. तिला आमच्या आनंदाचं काही पडलेलं नव्हतं. ती प्रचंड चिडली होती. रिमोट उचलून तिनं टीव्हीवर रोखला, "नाही चालणार," आणि टीव्ही बंद केला.

मला वाटलं, आता गाडी रुळावर आली. पण झालं उलटंच. दुसऱ्या दिवसापासून आईनं व्यायामच सोडला. राजम्याची वाटी समोर ठेवली की मान फिरवायची. प्राजक्तानं गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. जाताना दारात मला हळूच म्हणाली, "हे महिने महत्त्वाचे असतात गं. आत्ता थांबल्या तर हात तसाच राहील."

इंटरनेटवर तर नुसता धुरळा. अर्धे लोक त्या एपिसोडला डोक्यावर घेऊन नाचत होते, अर्धे शिव्या घालत होते. कुणी म्हणे चित्रं काढणाऱ्यांना वेळ कमी पडला, कुणी म्हणे लेखक कंटाळला होता. मी पलंगाच्या पायथ्याशी बसून आईला हे सगळं वाचून दाखवायचे. मला वाटत होतं की ती मनातून खचलीय, त्याला चमत्कार मिळाला आणि आपल्याला नाही, म्हणून. त्यामुळे समजूत काढायचे, "अगं आई, गोष्ट आहे ती. खोटं असतं." ती डोळे मिटून घ्यायची.

एका दुपारी मी कॉस्टिंगचं पुस्तक डोळ्यांवर घेऊन आडवी झाले होते. आईनं पुस्तक ओढलं. टीव्हीकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या गाऊनच्या वरच्या बटणाकडे. मग पुन्हा टीव्हीकडे. मग उजवा हात डाव्यानं उचलून माझ्यापुढे धरला, त्याची बोटं एकेक करून उघडली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की, सांग.

"बटण?" मी म्हटलं.

तिनं जोरात मान हलवली.

"त्यानं बटण कसं लावलं, ते दाखवलंच नाही. म्हणून तू..."

आई रडायला लागली. मोठ्यानं, लहान मुलासारखी. आणि रडता रडता मान हलवत होती, हो, हो, हो.

ती चमत्काराची वाट बघतच नव्हती. तिला शिकायचं होतं. म्हातारीनं 'उद्या' म्हटलं होतं ना? मग उद्या तो काय करतो, कुठल्या बोटानं सुरुवात करतो, हे बघून तिला तसं करायचं होतं. आणि लेखकानं तो उद्याच खाऊन टाकला. बर्फातून थेट विजयावर उडी. मधला सगळा एप्रिल गाळला.

लिखाण कमकुवत आहे म्हणजे काय, हे मला कुठल्या समीक्षेनं समजावलं असतं तर इतकं कळलं नसतं. चमत्कार दाखवला याचं आईला वावडं नव्हतं. तिच्या देव्हाऱ्यात चमत्कारवाले देव होतेच की. पण ज्याला बी उचलायला अख्खा एपिसोड लागला, त्याची ती मेहनत लेखकानं एका अश्रूत धुऊन टाकली. जे कष्ट त्यानं स्वतः इतक्या प्रेमानं मांडले, त्यांवर त्याचाच विश्वास राहिला नाही.

मी उठले आणि जुन्या कॅलेंडरची पानं काढली. पाठकोरी, मोठी. मला चित्रं बऱ्यापैकी काढता येतात. निळ्याची तर वह्या भरून काढलेली होती. म्हटलं, "आई, आपण काढू तो एपिसोड. मी काढते, तू सांग."

पहिल्या पानावर मी निळ्याला कोट घालून उभा केला, हात बटणावर, चेहऱ्यावर निर्धार. आईनं बघितलं. "नाही चालणार." आणि मला ढकलून खुर्चीकडे बोट केलं. बरोबर. उभ्यानं तोल जातो, आधी बसायला हवं. पान बदललं. पुढच्या चित्रात अंगठा आणि बोट यांच्यात बटण. "नाही चालणार." आईनं स्वतःचा उजवा हात गाऊनवर नेला आणि दाखवलं, की अंगठा असा येतच नाही, तो घसरतो, आत वळतो. मग आधी मनगट टेबलाच्या कडेला टेकवायचं. मग काज डाव्या हातानं ताणून धरायचं. मी काढत होते, ती दाखवत होती. माझं चुकलं की परत दाखवत होती, आणखी एकदा, आणखी एकदा, अगदी वैतागून. मला थोड्या वेळानं कळलं की इथे काय चाललंय, पण मी मान वर केली नाही. पेन्सिल चालू ठेवली.

प्राजक्ता आली तेव्हा जमिनीवर सगळीकडे निळ्या पसरलेला. तिनं पानं बघितली, आईचा हात बघितला. "काकू, हे मनगट टेकवायचं कुणी शिकवलं तुम्हाला?" आईनं निळ्याकडे बोट दाखवलं.

माझे पेपर सुरू झाले. सकाळी पेपर, संध्याकाळी एपिसोड. कॉस्टिंगचा जेमतेम गेला, बाकीचे बरे. आणि आमच्या एपिसोडमध्ये आता म्हातारी परत आली होती. आईचा तो हट्टच होता. निळ्या बटणाशी झगडतोय आणि म्हातारी त्याला मदत करायला हात पुढे करतेय, असं मी काढलं. मला ते छान वाटलं होतं.

"नाही चालणार," आई म्हणाली.

"मग काय करू तिला? घालवू?"

आईनं मान हलवली. जाऊ द्यायचं नाही. ती विचारात पडली. मग डावा हात पाठीमागे नेला आणि उजव्यालाही ओढून पाठीमागे न्यायचा प्रयत्न केला. मला कळलं. मी म्हातारीला निळ्याच्या समोर बसवलं, अगदी जवळ, आणि तिचे दोन्ही हात तिच्या पाठीमागे बांधलेले दाखवले. चेहरा आईनं तीनचारदा पुसायला लावला. कधी फार कडक झाला, कधी फार दयाळू. शेवटी जो उरला तो बघून ती म्हणाली, "चालेल."

बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. ते उठून आले. ते पान हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीतून बघितलं. आई खुर्चीत बसली होती, मनगट टेबलाच्या कडेला. बाबा तिच्यासमोर स्टुलावर. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट अडकवलेले. आईचा अंगठा घसरला. बाबांचे खांदे पुढे झाले, पण हात सुटले नाहीत. परत घसरला. बाबांच्या कपाळावर घाम. आई खिडकीबाहेर बघत नव्हती. आळीपाळीनं बटणाकडे आणि बाबांकडे बघत होती. त्यांचं ऑफिस बुडालं त्या दिवशी. पण एक बटण लागलं. एकच, मधलं, वाकडंतिकडं.

"झालं," बाबा म्हणाले आणि त्यांनी नाक शिंकरलं. "झकास झालं."

त्यानंतर सगळं सरळ झालं असं सांगितलं तर मीही त्या लेखकाचीच बहीण ठरेन. पावसाळ्यात आईच्या खांद्याचं दुखणं निघालं आणि बरेच दिवस वाया गेले. माझं नाव तिला दिवाळीच्या सुमारास सापडलं, फराळ करताना. "रेवती, झारा," म्हणाली आणि स्वतःच दचकली. पुढच्या वर्षी ती कामावर रुजू झाली. काउंटर नाही जमला, आतलं टेबल मिळालं, पत्रं लावायचं. सहकाऱ्यांनी आधी तिचं काम आपल्याकडे ओढून पाहिलं. त्यांना तिनं काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको. उजव्या हाताची दोन बोटं अजून आखडलेलीच आहेत. बोलते सावकाश, मधे थांबून, शब्द हुडकत. गर्दीत, घाईत शब्द पळून जातात. पण निवृत्त झाली ती स्वतःच्या सहीनं, डाव्या हाताच्या.

आता तो सिनेमा लागलाय. म्हणतात, चित्रं आणखी देखणी केलीत. मी आईला विचारलं, "जायचं का गं? बघू तरी, शेवट सुधारलाय का."

"बघू," ती म्हणाली. "आधी... भांडुप."

भांडुपला तिच्याबरोबर टपाल खात्यात काम केलेल्या एक बाई राहतात. हिवाळ्यात त्यांनाही आईसारखाच पक्षाघाताचा झटका आला. आई आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जाऊन बसते. त्यांची सून मला फोनवर म्हणाली, "काकू आल्या की दोघी फारसं बोलत नाहीत हो. पण त्या दिवशी सासूबाई नीट जेवतात."

आजवर आईला मी किंवा बाबा सोडायला जायचो. काल म्हणाली, एकटी जाते. मी खाली रस्त्यापर्यंत गेले, एवढंच कबूल झालं होतं. ऊन कडक होतं. रिक्षा थांबली. ड्रायव्हर तरुण, घाईतला. "कुठे, मावशी?"

"भां..." आई म्हणाली आणि शब्द अडकला.

"भाजी मार्केट?"

आईनं नाही म्हणून मान हलवली. माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्यापलीकडच्या बहाव्याकडे बघत उभी राहिले. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. त्यानं हात बाहेर काढून मागच्याला पुढे जायची खूण केली, आणि इंजिन बंद केलं.

"सांगा आरामात," तो म्हणाला.

"भांडुप," आई म्हणाली. "स्टेशनच्या... अलीकडे. शाळा आहे. शाळेच्या... मागची गल्ली. पिवळी... पिवळी बिल्डिंग."

"भांडुप, स्टेशनच्या अलीकडे, शाळेच्या मागची गल्ली, पिवळी बिल्डिंग," त्यानं म्हणून दाखवलं. "बरोबर?"

"बरोबर," आई म्हणाली आणि दांडा धरून आत बसली. मग त्यानं मीटर टाकला.